बाबांचे रानहंस

हिमालय ओलांडून येणाऱ्या पाखरांना उतरायला अख्ख्या देशात कशेळीची खाडीच का सापडावी, हे मला कधीच कळलं नाही. बाबांच्या मते रानहंसांना भिवंडीची ओढ होती. आम्हाला नव्हती. आम्हाला इथे फक्त घर होतं.

बाबा लूमच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे हिशेब लिहिणारे कारकून. लूमच्या खडखडाटात तिथे कुणी आवाज काढून बोलतच नसे. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. बाबा ही विद्या घरीही घेऊन आले. आलेले पाहुणे या घरात अबोला चालू आहे असं समजून लवकर उठत, हा त्यातला फायदा. आई आधी वैतागली, मग तीही शिकली आणि सासरच्या माणसांबद्दलचं खरं मत त्यांच्यासमोरच बाबांना सांगू लागली.

शुक्रवारी लूमला सुट्टी असे. त्या दिवशी गाव इतकं शांत व्हायचं की लोकांना करमत नसे. थंडीतल्या शुक्रवारी बाबा सकाळीच खुर्ची घेऊन गच्चीवर जात. हंस दिसायच्या आधी त्यांना ऐकू येत. "आले," ते म्हणत, आणि थोड्या वेळाने खरंच खाडीच्या बाजूने ती वाकडी रांग, भाऊबंदांचं भांडण चालल्यासारखी ओरडत, आमच्या डोक्यावरून जाई. बाबा असे बघत, जणू हंस त्यांनीच मागवले होते.

नव्वद साल उलटलं तसे बाबांचे कान जाऊ लागले. अर्थात त्यांचं म्हणणं वेगळं होतं. दारावरची बेल बिघडली होती, कुकर जुना झाला होता आणि मी लहानपणापासून पुटपुटतच बोलत होतो. मग एकदा कारखान्यात जाताना मागून आलेल्या ट्रकचा हॉर्नही बिघडलेला निघाला आणि बाबा थोडक्यात वाचले. त्या दिवसापासून आईला नीट झोप लागेना. मी ठाण्याहून कानाचं मशीन आणलं. बाबांनी ते डबीतून काढूनही बघितलं नाही.

"ज्या वर्षी मला हंस ऐकू येणार नाहीत, त्या वर्षी लावीन," ते म्हणाले. आईने लगेच होकार दिला आणि त्या हिवाळ्यात हंसांची वाट बाबांपेक्षा तीच जास्त बघू लागली.

अखेर एका शुक्रवारी आम्ही तिघंही गच्चीवर होतो. हंस आले ते बाबांच्या पाठीमागून आणि इतका गोंगाट करत की खालच्या बोळातली पोरंसुद्धा वर बघू लागली. बाबा मात्र समोरच्या रिकाम्या आकाशाकडे कान लावून बसले होते, परीक्षेत काहीच न येणाऱ्या मुलासारखे. मी खिशातली डबी बाहेर काढली. इतक्यात आई पुढे झाली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता तिने ओठ हलवले.

"आले. मागे."

बाबांनी मान वळवली. रांग पार डोळ्यांआड होईपर्यंत ते बघत राहिले.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "मशीन परत करून टाक."

मला भयंकर राग आला. जिंकत आलेला खटला आमच्याच साक्षीदाराने घालवला होता. स्वयंपाकघरात मी आईला जाब विचारला. ती कणीक तिंबत होती, मान वर न करता म्हणाली, "ट्रक मी ऐकेन. हंस त्यांचे राहू देत."

दुसऱ्या दिवसापासून ती भाजीची पिशवी घेऊन रोज बाबांबरोबर कारखान्यापर्यंत जाऊ लागली, ट्रक येतात त्या बाजूने चालत. आमच्याकडे इतकी भाजी त्याआधी कधी आली नव्हती.