तीन फुलके, दीड भाकरी

गेल्या महिन्यात उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो होतो. सुई घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी म्हणालो, "नाही. फक्त चतकोर भाकरी." तिनं सुई खाली ठेवली. शेजारी बसलेल्या मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय मी. आणि एक चतुर्थांश म्हणजे शून्य, हे चारचौघांत सिद्ध करून घरी परत आलो.

आता आमच्याकडं चतकोर कुणी मोजतच नाही, त्याला मी काय करू? पाहुण्याला "अजून एक भाकरी वाढू का" असं विचारत नाहीत. "चतकोर तरी घ्या" म्हणतात. तो घेतो. मग पुन्हा चतकोर. असे चार झाले तरी त्यानं जास्तीचं काही खाल्लेलं नसतं.

मंगल रिक्षात घरापर्यंत हसत होती. मला हसू आलं नाही. कारण भाकऱ्या मोजताना मी एकदा फार मोठी चूक — नाही, थांबा. चूक हा शब्द मला वापरता येणार नाही. जे केलं ते सांगतो. हे लिहायला बसेपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मंगललासुद्धा नाही. तिला तर नाहीच.

आई लासूर स्टेशनहून आमच्या सिडकोतल्या घरी कायमची राहायला आली, त्या वर्षीची गोष्ट. तिची आणि माझी साखर एकाच आठवड्यात सापडली. आईला त्याचं कौतुकच वाटलं. "बाळू माझ्यावर गेलाय," असं शेजारणींना सांगत सुटली. आम्ही दोघं आहाराचं विचारायला एका मॅडमकडं गेलो. जिना चढून आईचे गुडघे भरून आले, म्हणून ती बाहेर बाकावरच बसली. आत मी एकटा.

मॅडमनी शांतपणे समजावलं. साखर नुसत्या गोडातून येत नाही. भाकरी, भात, पोहे, बटाटा — या सगळ्यात कार्बोहायड्रेट असतं आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. दिवसाला ते किती ग्रॅम खावं, याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नसतो. वजन, काम, गोळ्या बघून एक आकडा धरायचा, जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासायची, मग तो कमीजास्त करायचा. तूर्त दोघांनी एका जेवणाला तीन फुलके. तसं त्यांनी कागदावर लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ — ज्वारीची भाकरी असेल तर दीड. मग मला विचारलं, "सर, तुमच्याकडं भाकरीच असते ना? मग किती?" मी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा म्हणालो, "दीड."

हे लक्षात ठेवा. मी दीड म्हणालो होतो.

बाहेर आलो. आईनं विचारलं, "किती सांगितल्या रे?"

कसं सांगू? मला भाकरी आवडते. तव्यावरून उतरलेली, पापुद्रा सुटलेली, मंगलच्या हातची. मला तीन लागायच्या. दीडवर हात धुवायचा या कल्पनेनंच माझं तोंड उतरलं होतं. आणि कागदावर तीन हा आकडा होताच की, पहिल्याच ओळीत. मी म्हणालो, "तीन." कशाचे तीन, ते बोललो नाही. घरी मंगलनं विचारलं, तेव्हाही तीन. कागद माझ्या शाळेच्या पिशवीत राहिला. ग्रॅमचं गणित मी बघतो म्हणालो. गणिताच्या मास्तरावर कोण शंका घेणार?

मी एकट्यानं तीन खाल्ल्या असत्या तरी एक वेळ — पण आईला दीड आणि मला तीन, हे ताटात दिसलं असतं ना. म्हणून आईलाही तीन. ती तर दोनवर उठणारी बाई. "लई होतंय गं," म्हणायची. मंगल सासूला आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, तीन सांगितल्यात. गोळ्या चालू आहेत, पोट रिकामं ठेवू नका." आणि आई औषध घ्यावं तशी ती तिसरी भाकरी संपवायची.

दोन तासांनी साखर तपासायचं यंत्र? आणतो, आणतो म्हणत राहिलो.

तीन महिन्यांनी दोघांचा रिपोर्ट आला. माझी साखर जरा वर, आईची भलतीच वर. मी शाळेत पायी जायचो, दिवसभर फळ्यापुढं उभा असायचो. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांमुळं एका जागी बसलेली. पण एवढा विचार कोण करतो? दोघांच्या ताटात सारखंच, मग हिचीच कशी वाढली? घरात सगळ्यांना एकच उत्तर सापडलं — गूळ. आईला गूळ आवडायचा हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत. त्यातच तिच्या उशापाशी मुंग्यांची रांग दिसली.

जेवताना मंगलनं विषय काढला. आई म्हणाली, "नाय गं. बोटसुदिक लावलं नाय." मग माझ्याकडं वळली. "बाळू, तू तरी सांग हिला."

मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हाला कळलंच आहे. एकच शब्द होता. माझ्या ताटात तेव्हा तिसरी भाकरी होती, निम्मी खाल्लेली. मी आईकडं बघून म्हणालो, "आई, या वयात खोटं कशाला बोलतेस?"

हे मी म्हणालो. तिला.

आठ दिवसांत गुळाच्या डब्याला कुलूप आलं. बारकं, पितळी. किल्ली मंगलच्या जुडग्यात. आई स्वयंपाकघरात आली की आधी त्या कुलपाकडं बघायची, मग माठाकडं जायची. पाहुणे आले की किस्से सांगायची मला हौस. तोही सांगायचो, रंगवून, आईसमोरच — सत्तरीतली गूळचोर आणि तिला पकडणाऱ्या मुंग्या. माणसं पोट धरून हसायची. आईही हसायची, तोंडाला पदर लावून.

मग चपलेनं तिच्या पायाचं बोट सोललं. जखम भरेना. शेवटी ते बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अशा जखमेला बरीच कारणं असतात. त्या 'बरीच'च्या आड मी उभा राहिलो, तो आजपर्यंत. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या आई एकदा मंगलला आपणहून म्हणाली, "खाल्ला असंन मी गूळ. आता आठवत नाय." मी पायथ्याशी उभा होतो. पाण्याची बाटली भरायला निघून गेलो. बाटली भरलेलीच होती.

दवाखान्यातून मिळालेला नवा कागद मंगलनं स्वतः वाचला. भाकरी दीड. "कमी केली वाटतं," ती म्हणाली. मी म्हणालो, "हो, आता कमी केली."

दोन महिन्यांत आईची साखर उतरली. श्रेय कुलपाला मिळालं.

पुढं आई दोन वर्षं होती. दीड भाकरी संपली की ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसायची आणि एखादे दिवशी विचारायची, "चतकोर घेऊ का गं?" हक्कानं नाही, परवानगी मागितल्यासारखं. मी मान खाली घालून जेवत राहायचो. ती गेली तेव्हा रडणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता. पाहुण्यांनी मला धरून बसवलं.

आता माझीही साखर हाताबाहेर चाललीय. त्या चतकोराच्या फजितीनंतर दुसऱ्या दिवशी रक्त दिलं आणि रिपोर्ट घेऊन एका नव्या मॅडमकडं गेलो. मंगल सोबत होती. पुन्हा वजन, काम, गोळ्या. पुन्हा तीन फुलके. "भाकरी असेल तर किती, सांगू का?" असं त्या विचारतायत तोवर मी म्हणून गेलो, "दीड." मंगल म्हणाली, "पाठ आहे की तुम्हाला." सहजच म्हणाली. त्यापुढं मॅडम काय बोलल्या, ते मला आठवत नाही.

म्हणून हे लिहिलं. काल दुपारी जेवणं झाल्यावर कागद मंगलच्या हातात दिले. तिनं चष्मा लावून सावकाश वाचले. शेवटपर्यंत गेली, मग दोन पानं मागं आली आणि एका ओळीवर थांबली. मी समोर बसून होतो. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,

"'कुलूप आलं' असं लिहिलंय इथं. कसं आलं? गुलमंडीच्या बाजारात जाऊन तुम्हीच आणलं होतं. मी नको म्हणत होते. ते लिहा."