मास्तर नसलेलं स्टेशन

ग्लासगोत आमच्या घरापासून सात मिनिटांवर लोकल गाडीचं एक स्टेशन होतं. स्टेशन आपलं म्हणायचं. दोन प्लॅटफॉर्म, त्यांना जोडणारा लोखंडी पूल, आणि पूर्वी जिथे लाकडी वेटिंगरूम होती तिथे आता काचेचा आडोसा. त्याची एक तरी काच कायम फुटलेली असायची. तिकीटखिडकी सकाळी उघडायची आणि दुपारी एकला बंद व्हायची, त्यानंतर तिथे रेल्वेचं कुणीही नसायचं. शहरभर अशीच स्टेशनं पसरलेली होती. मी सहा वर्षं तिथून हॉस्पिटलला गेलो, पण त्या जागेकडे कधी नीट पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं. त्यातून पुढे जे झालं ते लिहायचं मी आजवर टाळत आलो आहे.

बाबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. मोठं जंक्शन त्यांना कधी मिळालं नाही. दौंडच्या पुढे, जिथे मेलगाड्या थांबत नाहीत अशा स्टेशनांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. आई गेली, मी एकुलता एक, आणि पुण्याच्या दोन खोल्यांत ते एकटे राहिले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांना ग्लासगोला आणलं. आणलं हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यांचं मत मी विचारलंच नव्हतं. बायको शाळेत नोकरी करायची, मी दिवसभर वॉर्डात. बाबांनी इथे करायचं काय, हा प्रश्न मला विमानाचं तिकीट काढताना सुचला नाही. हुशार माणसं असलं काही विसरतात आणि वर आपण कर्तव्य केलं म्हणून मिरवतात.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना ते स्टेशन सापडलं. म्हाताऱ्यांचा सवलतीचा पास मी काढून दिलाच होता. मग रोज एक लाइन धरायची, प्रत्येक स्टेशनवर उतरायचं, पाहणी करायची, पुढच्या गाडीने पुढे जायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. जेवताना आम्हाला रिपोर्ट मिळायचा.

"आज आठ स्टेशनं केली. पाचांवर माणूस नाही."

"अनस्टाफ्ड स्टेशन्स आहेत ती बाबा. तिकीट ट्रेनमध्ये मिळतं."

"तिकिटाचं नाही म्हणत मी. मास्तर नाही, तर गाडी कुणाला विचारून आत येते?"

मी त्यांना सांगितलं, की लांब कुठेतरी सिग्नलची केबिन असते आणि तिथून सगळं चालतं. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे ज्याला गाडी दिसत नाही तो गाडी सोडतो," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. बायको हसली, मीही हसलो. त्या दिवसांत ते खरंच मजेत होते, हे मला आज कबूल करायला हवं.

सगळ्या लाइनी संपल्यावर ते आमच्याच स्टेशनवर स्थिरावले. सकाळी नऊला कोट, मफलर, टोपी घालून निघायचे आणि खिडकी बंद झाली की घरी जेवायला यायचे. तिकीट देणारा क्लार्क रिटायर होण्याच्या बेतातला, हडकुळा, तोंडाने सतत पुटपुटणारा माणूस होता. तो त्यांना खिडकीतून चहा द्यायचा. त्याचं स्कॉटिश इंग्रजी बाबांना कळत नसे आणि बाबांचं सरकारी इंग्रजी त्याला. पण रेल्वेचं बोलणं दोघांना बरोबर कळायचं.

बाबांची एक सवय होती. कुठलीही गाडी आली की ते उठून उभे राहायचे. न थांबणारी असेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन, तिच्याकडे तोंड करून, शेवटचा डबा डोळ्यांआड होईपर्यंत बघत राहायचे. पूर्वी हातात हिरवा बावटा असायचा, आता हात मोकळा. मी लहानपणी हे रोज पाहिलं होतं आणि त्यामागचं कारणही मला पाठ होतं. शेवटच्या डब्याच्या मागे लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी आहे, मधेच तुटून मागचे डबे रुळावर राहिलेले नाहीत. दिवा दिसला नाही, तर मास्तरने पुढच्या स्टेशनला ताबडतोब कळवायचं आणि शेजारच्या रुळावरून येणारी गाडी थांबवायची, कारण सुटलेला डबा कलंडून त्या रुळावरही पडलेला असू शकतो. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेलो. ते टोकाशी ताठ उभे होते आणि समोर शाळेच्या मुली त्यांची नक्कल करत होत्या. मी पुलावरच थांबलो. मुली गेल्यावर खाली उतरलो. मला त्यांची लाज वाटली होती. दुसरं काही नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी क्लिनिकमध्ये मला फोन आला. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा बाबा तिकीटखोलीत खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर. बाजूला रेल्वेचा एक पोलीस वहीत लिहीत होता.

झालं होतं ते असं. कोळशाची मालगाडी न थांबता गेली आणि तिच्या शेवटच्या डब्याला दिवा नव्हता. इथे मालगाडीच्या मागे गार्डचा डबा नसे, तेवढा एक दिवाच असे. बाबांनी खिडकी वाजवली. क्लार्क जागेवर नव्हता, पलीकडच्या जिन्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायला गेला होता. तेवढ्यात समोरच्या रुळावरून शहराकडे जाणारी लोकल येताना दिसली. बाबांना पूल ओलांडून जाण्याइतका वेळ नव्हता. ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले आणि बावटा नसताना जसं करायचं असतं तसे दोन्ही हात डोक्यावर उंच धरून उभे राहिले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारले. दारापाशी उभी असलेली एक बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं.

"मालगाडीला टेल लॅम्प नव्हता," बाबा मला म्हणाले. "दहा सत्तेचाळीसला पास झाली. मी स्वतः पाहिलं."

पोलिसाने मला बाहेर बोलावलं. वयाने माझ्याएवढा, बोलायला मवाळ होता. आताच्या मालगाड्या तुटल्या तर आपोआप ब्रेक लागतात, असं त्याने मला समजावलं. मग म्हणाला, "गाडी थांबवणं हा गुन्हा आहे, डॉक्टर. मला वर कळवावंच लागेल. पण तुमचे वडील... ठीक असतात ना?" आणि त्याने कपाळाला बोट लावलं. "कारण तसं काही असेल, तर डॉक्टरांच्या एका पत्रावर हे मिटेल."

त्याच सुमारास बाबांना इथे कायम राहू द्यावं म्हणून केलेला अर्ज सरकारी ऑफिसात पडून होता. खटला झाला असता तर अर्ज नामंजूर होण्याची भीती होती, आणि तिकडे त्यांना बघणारं कुणी नव्हतं. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. मला त्याच महिन्यात कायमच्या पोस्टचा इंटरव्ह्यू होता आणि हॉस्पिटलमध्ये ही गोष्ट पसरायला नको होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लिनिक संपल्यावर, मी पत्र लिहिलं. वडिलांना काही काळापासून वाढता गोंधळ होतो आहे, स्मृतिभ्रंशाची लक्षणं दिसत आहेत, आपण अजून नोकरीत आहोत असा त्यांचा समज आहे. खाली सही केली आणि सहीपुढे डिग्र्या लिहिल्या. एका स्वच्छ डोक्याच्या माणसाबद्दल इतकं नेटकं पत्र मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

पुढच्या सकाळी ते पोलिसाला द्यायला जाताना वाटेत आमचं स्टेशन लागलं. क्लार्कने मला पाहिलं आणि तो खिडकी सोडून बाहेर आला.

"तुमचे वडील बरोबर होते," तो म्हणाला. "दिवा विझलेलाच होता. केबिनवाल्यांनी गाडी पुढे अडवून तपासली. डबे सगळे होते, नुसता दिवा गेला होता. हवं तर मी लिहून देतो. मी जागेवर नव्हतो, तेही लिहितो."

त्याची नोकरी आधीच धोक्यात होती. खिडकी कायमची बंद करायचं घाटत होतं, हे त्यानेच बाबांना सांगितलं होतं. तरी तो लिहून द्यायला तयार होता. माझ्या कोटाच्या खिशात पत्राचं पाकीट होतं. त्याचं लिहिणं नेलं असतं तर चौकशी झाली असती, महिनोन्‌महिने चालली असती, आणि बाईचं मनगट तरीही मोडलेलंच राहिलं असतं. मी म्हणालो, "थँक यू, त्याची गरज पडणार नाही." आणि जाऊन पत्र देऊन आलो. बायकोला सांगितलं, मिटलं सगळं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते बाबांच्या नावावर. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बाबांनी पाकीट फोडलं, चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि मी घरी येईपर्यंत टेबलावर समोर ठेवून बसून राहिले. आपल्या मुलाने कळवलेली आपली मानसिक अवस्था लक्षात घेता पुढील कारवाई होणार नाही. यापुढे स्टेशनवर एकट्याने येऊ नये.

"हे तू लिहिलंस?"

"हो. बाबा, तुमच्या इथल्या स्टेचा प्रश्न होता. चार्ज झाला असता तर परत पाठवलं असतं. फक्त फॉर्मॅलिटी आहे ती, कागदापुरती."

"कागदापुरती," ते म्हणाले. "मी आयुष्यभर कागदावर गाड्या चालवल्या रे. मास्तरने कागदावर लिहिलं तेच ड्रायव्हर खरं धरतो." मग पत्राची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून ते एकटे घराबाहेर पडले नाहीत. पास ड्रॉवरमध्ये ठेवला. गॅस पेटवायचा तर सुनेला विचारायचे, "लावू का मी?" आंघोळीला जाताना सांगायचे. गोळ्या घेतल्या की रिकामं पाकीट आणून दाखवायचे. मला वाटलं, हे मला शिक्षा करताहेत. चार महिने मी दात आवळून काढले आणि एका रविवारी सकाळी माझा तोल गेला.

"बाबा, पुरे करा हे नाटक!"

ते गडबडले. दाराची चौकट धरून उभे राहिले. "नाटक नाही रे," ते म्हणाले. "मलाच आता खात्री वाटत नाही. रोज आठवून बघतो. तू डॉक्टर आहेस, तुला कळत असेल. तूच सांग, दिवा होता का त्या गाडीला?"

मला माहीत होतं. त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं. दिवा नव्हता, तुम्ही बरोबर होतात, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुला हे कधी कळलं. त्याचं उत्तर माझ्याच्याने दिलं गेलं नसतं.

"जाऊ दे ना बाबा आता," मी म्हणालो. "झालं गेलं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

अर्ज मंजूर झाला. मला पोस्ट मिळाली. पुढच्या वर्षी तिकीटखिडकीवर फळ्या ठोकल्या आणि क्लार्क कुठे गेला ते मी विचारायला गेलो नाही. पत्राची एक प्रत आमच्या फॅमिली डॉक्टरकडे पोहोचली होती. तिथून ती नोंद दर वेळी पुढच्या कागदावर उतरत गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात, हर्नियाच्या ऑपरेशनला, सगळीकडे. बाबा नीट उत्तर द्यायचे आणि समोरचा माणूस खात्रीसाठी माझ्याकडे बघायचा. नंतर नंतर बाबांनी उत्तर देणं सोडलं, तेही माझ्याकडेच बघू लागले. नव्वदच्या दशकात शिरलो तोवर त्यांना वार आठवेनासे झाले होते. तो खरा आजार होता की नाही, हे मी डॉक्टर असून सांगू शकत नाही.

पुढे एका फेब्रुवारीत न्यूमोनियाने ते गेले. मृत्यूची नोंद करायला मी एकटाच गेलो. नोंदणी करणाऱ्या बाईंनी हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवरून सगळं उतरवून घेतलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "सावकाश वाचा," त्या म्हणाल्या. "चूक असेल तर आत्ताच सांगा, नंतर बदलणं फार अवघड जातं."

मी वाचलं. नाव, जन्मगाव, व्यवसाय स्टेशनमास्तर, निवृत्त. कारणांत पहिलं न्यूमोनिया. त्याखाली स्मृतिभ्रंश, आणि किती वर्षांपासून त्याचा आकडा. मी मनात वर्षं मोजली. ती बरोबर माझ्या पत्रापाशी येऊन थांबत होती.

"सगळं बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो आणि सही केली.