शेवटच्या नंबरची टीम

नेरच्या बसस्टँडमागे मिस्त्रीचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. शुक्रवारी नमाजनंतर गॅरेज बंद, मग तो माझ्या घरी फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळायला येतो. रिमोट धरण्याआधी धुतलेले हात परत पँटला पुसतो. करिअर मोडमध्ये टीम निवडून तिचा मॅनेजर व्हायचं असतं. मी नावाजलेली टीम घेतो. तो थेट यादीच्या तळाशी जातो आणि सगळ्यात खालच्या लीगमधली शेवटच्या नंबरची टीम उचलतो.

"मिस्त्री, हे भंगार कायले घेता?"

"चालू गाडी कोनी मिस्त्रीपाशी आनते काय, सर?"

त्या भंगाराला त्यानं पावसाळाभर ठोकून-ठाकून वर चढवलं. परवा त्याच टीमनं शेवटच्या मिनिटाच्या गोलावर देशातला सगळ्यात मोठा कप जिंकला. मी असा ओरडलो की शेजारीण धावत आली. त्यानं शांतपणे हात पँटला पुसले आणि राजीनाम्याचं बटण दाबलं.

"अहो, आता तर खरी मजा होती!"

"दुरुस्त झालेली गाडी गॅरेजात ठिवत नसते, सर," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवत पुन्हा यादीच्या तळाशी निघाला.