हळदीचा अंगठा

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परवा जुनी फाइल उघडली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर अण्णांच्या अंगठ्याचा पिवळा डाग अजून आहे. नाकाशी नेली की हळदीचा वास येतो, का मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

माझे वडील, अण्णा, मार्केट यार्डात हळदीच्या गाळ्यावर हमाल होते. निकाल लागला त्या संध्याकाळी ते तशाच पिवळ्या हातांनी बिबवेवाडीच्या आमच्या खोलीत आले. सोबत त्यांच्याबरोबर काम करणारे सखारामकाका. काकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि इंजेक्शन.

"आपली पोरगी नर्स झाली. हीच टोचंल."

मी म्हणाले, "अण्णा, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर अजून आलेला नाही. त्याआधी नाही देता येत."

"पास झालीस न्हवं?"

"झाले."

"मग गेल्या महिन्यात वॉर्डात कशी टोचत होतीस?"

"तेव्हा मी विद्यार्थिनी होते. सिस्टर शेजारी उभ्या असायच्या."

"म्हंजी शिकताना चालतं, अन् शिकून झाल्यावर चालत न्हाई?"

काका अवघडून छताकडे बघत राहिले. अण्णांनी गुणपत्रिका उचलली, उलटसुलट पाहिली, खाली ठेवली आणि काकांना घेऊन दवाखान्यात गेले.

आज मीच विद्यार्थिनींना हा नियम बजावते. तो बरोबरच आहे. तरी त्या संध्याकाळी माझं काही चुकलं का, हे अजून ठरवता येत नाही.

पुढे नंबर आला. पण अण्णा स्वतःची इंजेक्शनंसुद्धा शेवटपर्यंत कोपऱ्यावरच्या दवाखान्यातच घेत राहिले.