कुलपातली कॅसेट

माझा स्वभाव मुळातच संशयी. पालघरच्या आमच्या कॉलेजातलं छोटं संग्रहालय माझ्याकडे आलं, तेव्हा त्या स्वभावाला कामच मिळालं. नव्वदीची सुरुवात होती. एका चित्रकार बाईंनी इथल्याच दांडी गावच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या म्हातारीचं अर्ध्या तासाचं चित्रण करून ती व्हिडिओ कॅसेट आम्हाला दिली होती. सगळा वेळ नुसते हात, काठ्या आणि वारा. अगदी शेवटी म्हातारी वळून बघायची. दुसरी प्रत नव्हती.

आमच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या मावशी त्या म्हातारीच्या लेक. म्हातारी त्याच वर्षी गेली, आणि घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. महिन्यातून एकदा मी कॅसेट लावायचो, तेव्हा मावशी झाडू बाजूला ठेवून जमिनीवर बसायच्या.

याआधीच्या एका कॅसेटवर कुणीतरी घरचं लग्न भरून ठेवलं होतं. दुधानं तोंड पोळलेला मी, या कॅसेटवर डोळा ठेवून होतो. कधी ती उलटी ठेवलेली दिसे, कधी खोक्याला सुक्या मासळीचा वास येई. एकदा जेवून परतलो तर मावशी पदराखाली काहीतरी घेऊन मागच्या व्हरांड्यातून आत येत होत्या.

"काय नेलं होतं?"

"काय नाय, सर."

त्यांच्या जावयाची बोईसरच्या व्हिडिओ लायब्ररीत ऊठबस होती. मी लगेच सुतावरून स्वर्ग गाठला: कॅसेट तिकडेच जात असणार. आषाढात कपाटाला नवं कुलूप लावलं, कॅसेट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधली आणि किल्ली खिशात टाकली. दर महिन्याला लावणंही बंद केलं.

"कोंडून ठेवली काय, सर? वारं लागाया नको?" मावशींनी विचारलं. मला त्यातही डाव दिसला. तुमचं काम करा, म्हणालो.

दिवाळीनंतर पाहुणे यायचे होते म्हणून कुलूप काढलं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. घाबरून मी तशीच मशीनमध्ये घातली आणि ती आत अडकून चुरगळली.

मावशी दारातच होत्या. "आमी रोज दुपारी काढून वाऱ्यावर ठेवायची. सावलीत, उन्हात नाय. सुकी मासळी दमट जागी कोंडली की बुरशी लागतेच. तुमी वरडाल म्हणून बोलली नाय."

मला माझीच चीड आली. इतक्या पुस्तकी शहाण्याला जे सुचलं नाही, ते ही बाई गुपचूप करत होती, आणि मी तिलाच चोर ठरवलं होतं. त्यांच्याकडे मला बघवेना. चुरगळलेला तुकडा कापून मी फीत जोडली आणि पुन्हा लावली.

मावशी नेहमीच्या जागी बसल्या. हात दिसले, काठ्या दिसल्या. मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि शेवटपर्यंत मुंग्याच राहिल्या. कॅसेट संपून मशीन थांबलं, तरी मावशी उठल्या नाहीत.

"आय अजून वळली नाय, सर," त्या म्हणाल्या.