दुसरा पाय

नातसून माझी नखं काढायला कोमट पाणी आणते, तेव्हा येळ्ळूरच्या घरचा सोपा आठवतो.

माझे वडील, आप्पा, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला एक पाय गमावून परतले होते. गावचा न्हावी म्हादू आला. त्यानं आप्पांचा पाय पाण्यात भिजवला, नराणीनं पाचही नखं काढली आणि सवयीनं हात पुढं करून म्हणाला, "दुसरा द्या, आप्पा."

आई दारातच थबकली. म्हादूचा हात तसाच राहिला.

"त्यो बसऱ्यातच ऱ्हायला रं," आप्पा म्हणाले.

म्हादूनं खाली मान घालून तोच पाय परत मांडीवर घेतला आणि तेल लावून बराच वेळ चोळत बसला. झालेलाच पाय पुन्हा घेतला म्हणून मला हसू आलं होतं.

दुसऱ्या पायाचा वेळही त्यानं त्याच पायाला दिला, हे आता कळतं.