प्रिंटरवरची एक ओळ

शीसाहेबांना घाणीचं वावडं नव्हतं. चहात माशी पडली तर बोटानं काढून उरलेला चहा पीत. पण मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी दिसली, की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड व्हायचं. "शीऽ! दुसऱ्यानं चघळलेलं पान खाशील व्हय रं?" त्यावरूनच आम्ही त्यांचं हे नाव पाडलं.

२००० च्या सुमारास कागलच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याचा लिनक्स सर्व्हर त्यांनीच बसवला. मी त्यांचा सहायक. कोण कधी आत शिरलं, काय बिघडलं, या नोंदी म्हणजे लॉग. लोक सकाळी पेपर वाचत, साहेब लॉग वाचत. शिवाय जिन्याखाली एक खटारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ठेवून महत्त्वाच्या नोंदी थेट कागदावर छापायला लावल्या होत्या. "डिस्कवरची ओळ पुसता येती. कागदावरची कोण पुसतोय?" त्याच्या करकरीनं आमचं डोकं उठायचं.

रूट, म्हणजे सगळी दारं उघडणारा पासवर्ड, फक्त आम्हा दोघांकडे होता. एक दिवस मालकांचे जावई आले. "जरा बसू द्या की." जावईबापूंना नाही कोण म्हणणार! मी माझ्या नावानं आत शिरून, रूट घेऊन सर्व्हर त्यांच्या हाती दिला, वर खुर्चीही पुसून दिली. लाचार मेला मी! सिनेमे ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी महिन्याभराची ड्रॉइंग्ज उडवली आणि घाबरून लॉगही पुसला.

दुसऱ्या दिवशी मालक सगळ्यांसमोर साहेबांवर गरजले, "किल्ली तुझ्याकडं, लॉग पुसल्याला. तूच की!"

साहेब जिन्याखालून कागद फाडून घेऊन आले. रूट घेतल्याची वेळ होती, पुढं माझं नाव. त्यांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली. मी बोलावं म्हणून थांबले होते. माझी नोकरी नवी, लग्न ठरलेलं. मी बुटांकडे बघत राहिलो.

मालकांनी त्यांना तिथंच काढून टाकलं. निघताना ते माझ्या टेबलापाशी आले. आता 'शीऽ' येणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी घडी पुढ्यात ठेवली.

"जपून ठेव. तुझी हाय."

आता सकाळी लॉग मी वाचतो. हाताखालच्या कुणाच्या मॉनिटरवर चिठ्ठी दिसली की 'शीऽ' ओठांवर येतं. ते कुणाला म्हणायचं, हे त्या कागदावर छापलेलं आहे.